डोळ्याला अस्तर

जत्रेला दीड महिना राहिला होता आणि माझ्या मशीनजवळ ब्लाऊजपीसांच्या एकसष्ट पिशव्या जमल्या होत्या. आमच्या गावची लक्ष्मीची जत्रा दरवर्षी भरत नाही. मधे कितीतरी वर्षं जातात, म्हणून भरते तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूर, पार गोव्यापर्यंतचे पाहुणे घरात उतरतात. त्याआधी घर रंगवायचं. पुढच्या दोन खोल्यांना बाजारातला रंग आणि गोठ्याला, परसातल्या भिंतीला चुना, असा आमच्या आत्यांचा हिशोब. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

कळीचा चुना भिजवायचं काम माझ्याकडं आलं. पत्र्याच्या जुन्या डब्यात खडे टाकले, वरून पाणी ओतलं. चुना उकळायला लागला की मागं सरायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण एक मोठा खडा फुटेना म्हणून मी तो काठीनं दाबला आणि वाकून बघितलं. तेवढ्यात तो फुटला.

उजव्या डोळ्यात विस्तव घातल्यासारखं झालं. मी तिथंच खाली बसले. आमच्या मागच्या खोलीत गदगकडची एक बाई भाड्यानं राहते. ती ओरडत आली, "नीर हाकरी, नीर!" आणि तिनं हौदातली घागर उचलून माझ्या तोंडावर रिकामी केली. मग दुसरी, तिसरी. तेवढ्यात आत्या तुपाची वाटी घेऊन आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाळंतिणीचं दूध घाला, थंडावा येतो. त्या गदगच्या बाईनं कुणाचंच ऐकलं नाही. आमची मराठी तिला धड कळत नाही, हे त्या दिवशी बरं झालं. पुढं डॉक्टर म्हणाल्या की माझा डोळा निम्मा त्या बाईनं वाचवला.

मालकांनी गाडीवर बसवून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. कुठल्या ते लिहीत नाही. तिथं सलाईनच्या एका छोट्या बाटलीनं डोळा धुतला, मलम घातलं, कापसाची घट्ट पट्टी बांधली आणि उद्या या म्हणाले. पापणी उलटी करून कुणी बघितलं नाही. संध्याकाळी डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायला लागलं तेव्हा आम्ही बेळगावला मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या नर्सबाईंनी पट्टी सोडली आणि खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी टेकवली. ती निळी झाली. म्हणजे दुपारी गेलेला चुना संध्याकाळी अजून डोळ्यात काम करत होता. आपल्या अश्रूंचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, साधारण ७.४ असतो, चुन्याच्या पाण्याचा १२ च्या वर. मग त्यांनी सलाईनची नळी लावली, मान एका बाजूला कलवली आणि धार धरली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. "कण्ण तेरीरी, अळब्याडरी," त्या म्हणत होत्या. डोळा उघडा, रडू नका. रडण्याचा प्रश्नच नव्हता, सगळं सलाईनच वाहत होतं. मग डॉक्टर मॅडमनी वरची पापणी काडीवर दुमडली, ती परत दुमडली आणि आतल्या खाचेतून कापसाच्या बोळ्यानं एक पांढरी कणी काढली. तांदळाच्या कणीएवढी. मग आणखी दोन. ट्रेमध्ये ठेवून मला दाखवल्या. दुपारच्या पट्टीखाली या तीन कण्या संध्याकाळपर्यंत माझा डोळा भाजत बसल्या होत्या.

ॲसिडनं डोळा भाजतो तेव्हा वरचा थर गोठतो आणि ॲसिडला थोडा अडथळा होतो. चुना, कॉस्टिक यांचं तसं नाही. ते पेशींच्या वेष्टणातल्या चरबीचा साबण करत आत उतरतात. त्यातल्या त्यात चुना बरा, मॅडम म्हणाल्या, कारण त्याचा साबण घट्ट बसतो आणि तो फार खोल जात नाही. पण त्याच्या कण्या मागं राहतात. आमच्या भागात हे डोळे त्यांना नवे नाहीत. भिंतीचा चुना, गुऱ्हाळातला चुना, आणि सगळ्यात जास्त तंबाखूबरोबर खायच्या चुन्याच्या पुड्या. पोरं त्या दाबतात आणि पुडी तोंडावर फुटते.

दुसऱ्या दिवशी मी आरशात बघितलं आणि मला जरा बरं वाटलं. डोळा लालभडक झाला होता, पण खालच्या बाजूला, काळ्याच्या कडेनं, छान पांढरा होता. मॅडमना मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"ताई, लाल आहे तिथं रक्त आहे. पांढरं दिसतंय तिथल्या रक्तवाहिन्या जळून गेल्यात. माझी काळजी त्या पांढऱ्याची आहे."

मग त्यांनी कागदावर गोल काढला आणि घड्याळासारखे बारा आकडे घातले. चारपासून आठपर्यंत, म्हणजे खालचा भाग, पेननं रंगवला. काळ्या बुबुळाची आणि पांढऱ्याची जिथं गाठ पडते त्या कडेला काही मूळ पेशी राहतात. बुबुळाची वरची कातडी झिजत असते, ती या पेशी सतत नवी करून पुरवतात. त्यांचं दुसरं काम राखणीचं. पांढऱ्यावर रक्तवाहिन्या आहेत, बुबुळावर एकसुद्धा नाही. बुबुळ काचेसारखं स्वच्छ राहायचं तर तिथं रक्त चालत नाही. त्याला प्राणवायू मिळतो हवेतून, अश्रूंमधून, आणि खायला मिळतं आतल्या पाण्यातून. कडेच्या पेशी मेल्या की पांढऱ्यावरची कातडी रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढते आणि नजर जाते.

"हद्द आहे ती," मॅडम म्हणाल्या. "बेळगावात राहून सीमाप्रश्न तुम्हाला मी काय सांगायचा!" त्या स्वतः धारवाडच्या. हसल्या, मीही एका डोळ्यानं हसले.

म्हणजे माझ्या डोळ्यात एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. जळलेल्या पांढऱ्या भागात रक्त परत यायला हवं होतं, नाहीतर तो भाग कुजतो. आणि तिथून दोन-तीन मिलिमीटरवर, बुबुळावर, रक्तवाहिनी अजिबात यायला नको होती. ब्लाऊजच्या गळ्याला पायपीन लावताना अर्धा सूत इकडं-तिकडं झालं तर गळा बिघडतो, हे मी समजू शकते. पण ही शिवण फारच बारीक होती.

चौथ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. नर्सबाई सांगायला आल्या, "पोरे हाकतार नोडरी." मालकांना कानडी बऱ्यापैकी येतं. ते गोंधळले. कानडीत डोळ्याची पोरे म्हणजे मोतीबिंदू. मोतीबिंदू काढतात हे ऐकलंय, घालतात कसा? खरं म्हणजे पोरे म्हणजे कसलाही पापुद्रा, सापाची कातसुद्धा. मॅडमनी मग नीट सांगितलं. बाळंतपणात वार पडते. त्या वारेच्या आतल्या अंगाला, बाळ ज्या पाण्याच्या पिशवीत असतं तिचा सगळ्यात आतला पदर असतो. ती झिल्ली सोलून निघते. ती माझ्या डोळ्यावर शिवायची.

मालकांचं तोंड पडलं. कुणाची वार, कुठली बाई, हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, फक्त बोलवत नव्हतं. मला वाटलं आत्या तर उठून घरीच जातील. आमच्या घरात सोवळं कडक आहे. पण आत्या जुन्या काळच्या. त्यांच्या आईचा सुईणीचा हात होता आणि लहानपणी त्यांनी परसात किती वारा पुरल्या असतील त्याला गणती नाही. त्या म्हणाल्या, "वारेवरची झिल्ली व्हय? मला ठाऊक हाय की. कांद्याच्या पापुद्र्यागत असत्या. एखादं पोर ती डोक्यावर घेऊनच येतंय. तिला कसला गं विटाळ, पोराचं पांघरूण ते!" विषय तिथं संपला.

मी विचारलं, दुसऱ्या बाईचं माझ्या अंगाला चालतं का? रक्तगट जुळवायला नको? मॅडम म्हणाल्या, किडनी-बिडनीला शरीर परकं म्हणून ओळखतं ते पेशींवरच्या खुणांवरून. या झिल्लीच्या पेशींवर त्या खुणा जवळजवळ नसतातच. नऊ महिने आईच्या पोटात राहूनही आईचं शरीर तिच्यावर उठत नाही, ते काय उगीच? तरी ती कुणाचीही घेत नाहीत. ठरवून सिझेरियन होणार असेल आणि त्या बाईनं लेखी परवानगी दिली असेल तरच. तिचं रक्त एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, गरमी (सिफिलिस) यांच्यासाठी तपासतात, आणि सहा महिन्यांनी परत तपासतात, कारण नवी लागण पहिल्या तपासणीत निसटू शकते. तोवर झिल्ली उणे ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये थांबते. दुसरी पद्धत वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करायची. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी टिश्यू बँक १९८८ पासून आहे.

"म्हणजे डोळ्याला अस्तर लावणार," मी म्हटलं.

"अस्तर पण आणि पदर पण," मॅडम म्हणाल्या. एक लहान तुकडा खाली जळलेल्या उघड्या भागावर अस्तरासारखा, तो तिथंच राहील आणि नवी कातडी त्याच्यावरून चालत येईल. दुसरा मोठा तुकडा सगळ्या डोळ्यावरून पदरासारखा. त्याच्या खाली बुबुळ भरून येईल आणि तो आपला आपण विरघळून जाईल.

ऑपरेशन डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन केलं. मी जागी होते. दिसत काही नव्हतं, फक्त पांढरा उजेड आणि हलणाऱ्या सावल्या. पण कान शाबूत होते. मॅडम एका शिकाऊ डॉक्टरला सांगत होत्या आणि मी एखाद्या नव्या मास्तरणीकडं शिवण शिकावी तशी ऐकत होते. झिल्ली पांढऱ्या कागदावर पसरून बाटलीत आली होती, ती कागदावरून सोडवायची होती. मॅडम म्हणाल्या, "आधी बाजू बघ. कोरडा स्पंज टेकव आणि उचल. तार ओढली जातेय? मग ही चिकट बाजू, आईकडची. गुळगुळीत ती बाळाकडची. कागदावर बाळाकडची वर ठेवलेली असते, पण कागदावर विश्वास ठेवू नको, हातानं बघ."

आता हे ऐकून मी चमकलेच. कापडाची सुलट-उलट बघायची ही आमची पहिली गोष्ट. सॅटीनला लगेच कळतं, खणाला कळतं, पण काही कॉटनला दोन्ही बाजू सारख्या असतात. मग आम्ही किनारीची भोकं बघतो, बोट फिरवून बघतो. डोळ्याच्या डॉक्टरलाही तेच करावं लागतं, हे मला त्या टेबलावर पडल्या पडल्या फार बरं वाटलं. दोरा किती नंबरचा, असं मी विचारलंसुद्धा. शिकाऊ डॉक्टर हसला. दहा-शून्य नायलॉन, म्हणाला. नंतर कळलं, तो केसापेक्षा बारीक असतो आणि आमच्या नेहमीच्या सुईत ओवायला गेलं तर दिसणारसुद्धा नाही.

पांढऱ्या पडलेल्या भागासाठी मॅडमनी आधी डोळ्याच्या मागच्या बाजूचा, रक्त असलेला एक पापुद्रा पुढं ओढून आणला आणि कडेपर्यंत बसवला. म्हणजे तिथं रक्त मिळालं. कापड कमी पडलं की आम्ही शिलाईतली सोडलेली माया बाहेर काढतो ना, तसंच. मग त्यावर आणि बुबुळावर झिल्ली.

पुढचे दिवस सगळे थेंबांचे. दर तासाला कुठला तरी थेंब. जंतूंचा, सूज उतरवायचा, बाहुली मोठी ठेवायचा, नुसता ओलाव्याचा. पोटात सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मोठ्या गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिन. बुबुळाच्या आतले धागे वितळू नयेत म्हणून. त्या डोळ्यानं बटर पेपरमधून बघितल्यासारखं दिसायचं. टाके टोचायचे. पापणी हलली की आत कुणीतरी झालर हलवतंय असं वाटायचं. बाराव्या दिवशी सकाळी उशीवर एक लहानसा पारदर्शक तुकडा मिळाला. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, पदर उतरला, त्याचं काम झालं.

त्याच आठवड्यात आमची अक्का निपाणीहून बघायला आली. माझी थोरली बहीण. तिनं उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला, बहुतेक अनवाणी. गेल्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याखाली घट्ट्याची जखम झाली आणि साखरेमुळं ती सहा महिने भरेना. मी तिला माझी गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "अगं, मला पण तेच लावल्यालं की पायाला! वारेचा कागद."

तिच्या जखमेत खाली फिकट, पांढुरकं मांस होतं. डॉक्टरांनी आधी पायाच्या नाड्या तपासल्या, रक्त नीट वाहतंय का ते बघायला डॉपलर केला. मोठीच रक्तवाहिनी बुजली असेल तर वरून काहीही लावून उपयोग नाही, म्हणाले. तिची बुजली नव्हती. मग मेलेलं मांस खरवडलं, पायावर भार पडू नये म्हणून वेगळा बूट दिला, साखर ताळ्यावर आणली आणि जखमेवर वाळवलेल्या झिल्लीचा तुकडा ठेवून सलाईननं ओला केला. ठरावीक दिवसांनी बदलत राहिले. तीन-चार वेळा बदलल्यावर तळाशी लाल दाणे दिसायला लागले, डाळिंबाच्या दाण्यागत, असं अक्का सांगत होती. ते दाणे म्हणजे नव्या बारीक रक्तवाहिन्यांची गुंतवळ. त्या आल्या आणि मगच जखम कडेनं मिटत गेली.

मी विचारात पडले. माझ्या डोळ्यात ही झिल्ली रक्तवाहिन्या येऊ नयेत म्हणून लावली. अक्काच्या पायात रक्तवाहिन्या याव्यात म्हणून लावली. एकच कापड आणि दोन उलट कामं?

अक्काचा मुलगा बेळगावात फार्मसी शिकतो. तो माझ्यापेक्षा जास्त चक्रावला आणि दोन दिवस मोबाइलवर काय काय वाचून आला. त्यानं सांगितलेलं मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर त्याला धरा.

या झिल्लीत स्वतःत एकही रक्तवाहिनी नाही, नसही नाही. बाळाच्या पाण्यातूनच तिला खायला मिळतं. बाळाकडच्या बाजूला पेशींचा एकच थर, फरशी बसवल्यासारखा. त्याखाली जाड पाया, आणि त्याखाली आईकडच्या बाजूला विरळ धाग्यांचा थर. सगळं मिळून जाडी ०.०२ ते ०.५ मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्यांना आवरणारी द्रव्यं आहेत: थ्रॉम्बोस्पॉन्डिन, एन्डोस्टॅटिन, पीईडीएफ, आणि टिंप नावाचं एक घराणं. रक्तवाहिनीला वाढायचं तर पुढचे धागे कापत रस्ता करावा लागतो, टिंप ती कात्रीच बोथट करतं. आणि त्याच झिल्लीत बोलावणारी द्रव्यंही आहेत: व्हीईजीएफ, बीएफजीएफ, अँजिओजेनिन. व्हीईजीएफ म्हणजे रक्तवाहिनीला 'इकडं ये' म्हणून हाक मारणारं प्रथिन. २०१३ साली इराणमधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की यात बाजूचा संबंध आहे. बाळाकडची बाजू लागली तर रक्तवाहिन्या अडल्या, आईकडची लागली तर फुटवा वाढला.

मी म्हटलं बघा, सुलट-उलट! मला फार आनंद झाला. आणि लगेच शंका आली. टेबलावर मॅडम तर चिकट बाजू, म्हणजे आईकडची, खाली माझ्या डोळ्याला लावत होत्या. ती तर बोलावणारी बाजू! उलटं शिवलं की काय?

पुढच्या तपासणीला मी हे विचारलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. बहुतेक पेशंट डोळा कधी बरा होणार एवढंच विचारतात.

त्या म्हणाल्या, नवी कातडी चालत येते ती बाळाकडच्या गुळगुळीत पायावरून, म्हणून अस्तर लावताना ती बाजू वर ठेवावी लागते. आणि भाजलेल्या डोळ्यात बुबुळावर रक्तवाहिन्यांना बोलावतं कोण? सूज, जळजळ. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं गोळा होतात आणि त्याच व्हीईजीएफ सोडत बसतात. आईकडच्या चिकट धाग्यांत त्या पेशी अडकतात आणि तिथंच मरतात. बोलावणारेच गेले की बोलावणं थांबतं. त्याशिवाय त्या धाग्यांत एका प्रथिनाची जड साखळी जोडलेलं हायलुरॉनिक आम्ल आहे, ते पण सूज आणि रक्तवाहिन्या दोन्ही आवरतं. फ्रीजरमधून आलेल्या झिल्लीच्या पेशी बहुतेक मेलेल्याच असतात. काम करतात ते तिच्यात मुरलेले पदार्थ. अक्काच्या जखमेत गोष्ट वेगळी. तिथं रक्ताची उपासमार होती, साखरेनं जखम एकाच टप्प्यावर अडकली होती, म्हणून बोलावणाऱ्या द्रव्यांचं चाललं. तुमच्या बुबुळाचं तसं नाही. त्याचा स्वतःचाच स्वभाव रक्तवाहिन्या नको म्हणणारा. व्हीईजीएफला पकडून ठेवणारा एक सुटा सापळा बुबुळ स्वतः तयार करतं, हे २००६ साली कळलं. समुद्रात मॅनेटी नावाचं गाईएवढं जनावर असतं, त्याच्या बुबुळात हा सापळा नाही आणि त्याच्या बुबुळात रक्तवाहिन्या आहेत.

"मग झिल्ली माणूस बघून वागते," मी म्हटलं.

"जागा बघून," मॅडम म्हणाल्या.

हे सगळं कालपरवाचं असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. कातडीच्या जागी वारेची झिल्ली लावायचा पहिला प्रयोग अमेरिकेत १९१० साली झाला, डोळ्यात १९४० साली. मग लोक विसरले, आणि १९९५ साली सशांच्या डोळ्यांवर परत सुरुवात झाली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली आणखी एक रीत मांडली. ज्यांच्या डोळ्याची कडच पूर्ण जळालीय त्यांच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी लहान तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक कण करायचे आणि झिल्लीवर पसरायचे. पेरणी केल्यासारखं. मॅडमनी हे सांगितलं, कारण मला एकदा वाटलं होतं की झिल्ली म्हणजे सगळ्याला औषध. फार भाजलेल्या डोळ्याला ती एकटी पुरत नाही, आणि माझी कड घड्याळाच्या आठ आकड्यांएवढी जळली असती तर त्यांनाही हे सगळं एवढ्या मजेत सांगता आलं नसतं.

सहाव्या आठवड्यात त्यांनी डोळ्यात पिवळा थेंब घातला आणि निळ्या उजेडात बघितलं. कुठं हिरवं दिसलं तर तिथं कातडी नाही. माझ्यात हिरवं नव्हतं. मग त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. खाली, सहाच्या आकड्याजवळ, हद्द ओलांडून चार-पाच लाल धागे बुबुळावर आले होते. बारीक, झाडाच्या मुळ्यांसारखे, टोकाशी फांद्या फुटलेले. दीड मिलिमीटर आत. मला रडू आलं, इतकं करून आल्याच की! मॅडम म्हणाल्या, मागच्या महिन्यातल्या फोटोतही एवढ्याच होत्या. थांबल्यात. बाहुलीपर्यंत अजून पुष्कळ रान मोकळं आहे. पांढऱ्या भागातही रक्त परत आलं होतं, तिथं आता गुलाबी दिसत होतं. ज्या गुलाबीला मी पहिल्या दिवशी घाबरले असते, ते बघून मॅडम खूश होत्या.

आमच्याकडं बायकासुद्धा आलो-गेलो म्हणतात. त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा मी तसंच म्हणाले, "आत्या, बरा झालो." लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंची भीती अजून आहे, म्हणून इथं सगळीकडं गेले-आले घातलंय.

जत्रा झाली. मी काळा चष्मा घालून रथ बघितला. उजव्या डोळ्यानं दवाखान्यातल्या फलकावरच्या अक्षरांच्या शेवटच्या दोन ओळी सोडून बाकीच्या वाचता येतात. सुई ओवायची तर डावा डोळा लागतो.

एकसष्टपैकी अडतीस ब्लाऊज मी गल्लीतल्या दुसऱ्या शिंपिणीकडं दिले होते. बाकीचे तेवीस, डोळ्यावरचा पदर उतरल्यावर, मी स्वतः शिवले, डॉक्टरांना न सांगता, रोज थोडे थोडे. त्यातला एक मोरपंखी रंगाचा, आमच्या चुलत जावेचा. जत्रेत ती माझ्या पुढं उभी होती तेव्हा उन्हात मला दिसलं. डाव्या बाहीला कापडाची उलट बाजू वर आली होती. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.